गॅरेजचा स्कॅनर की खिशातला ॲडॉप्टर? ऑक्सिजन सेन्सरचा दोष पुन्हा पुन्हा येतो तेव्हा

दहा-बारा वर्षे वापरलेल्या पेट्रोल गाडीत इंजिनचा पिवळा दिवा लागतो, गॅरेजमध्ये ऑक्सिजन सेन्सरचा, म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरचा दोष-कोड निघतो, सेन्सर बदलला जातो आणि महिन्या-दीड महिन्याने तोच दिवा तोच कोड घेऊन पुन्हा हजर होतो. इथवर आलेल्या माणसासमोर दोन मार्ग उरतात. एक, दर वेळी गॅरेजमध्ये जाऊन तिथला मोठा स्कॅनर लावून घेणे. दुसरा, स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये बसणारा छोटा ब्लूटूथ ॲडॉप्टर घेऊन फोनवर स्वतः तपास करणे. मी दोन्ही करून पाहिले आहे. माझी गाडी २०१४ ची, बीएस-४ आहे. रोज कोल्हापुरात दहा-बारा किलोमीटर आणि सासुरवाडी वैभववाडीची असल्यामुळे वर्षातून पाच-सहा वेळा गगनबावड्यावरून करूळ घाट, एवढा तिचा संसार.

गॅरेजच्या स्कॅनरचे मोठेपण आधी मान्य केले पाहिजे. तो कंपनीचे खास कोडही वाचतो, इंजिनाखेरीज इतर यंत्रणांशी बोलतो, इंजेक्टर किंवा पंखा स्वतः चालवून पाहू शकतो आणि त्यावरचे आकडे झरझर बदलतात. सेन्सर सुस्त झाल्याची शंका असेल, म्हणजे पी०१३३ हा कोड येत असेल, तर हा वेग फार कामाचा आहे. चांगला तापलेला सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सतत वरखाली होत असतो आणि ही उडी किती चपळ आहे हे पाहायला साधन तितकेच चपळ लागते. शिवाय स्कॅनरमागे उभा असलेला जुना मिस्त्री सायलेन्सरच्या सांध्यातली फट नुसत्या आवाजावरून ओळखतो. सेन्सरच्या आधी अशी फट असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर बिचारा इमानदारीने ‘ऑक्सिजन जास्त आहे’ असे सांगून दोषी ठरतो. हे फोनवर कळत नाही.

तरीही माझे मन गॅरेजवरून उडाले ते एकाच गोष्टीमुळे, आणि ती गोष्ट मला आजही खटकते. कोड दिसला की तो लगेच उडवला जातो. गाडी आत घेतली, स्कॅनर लावला, ‘साहेब, सेन्सरच गेलाय’ असे म्हटले आणि पुढच्या क्षणी बोट ‘इरेज’वर पडले, हे मी दोन वेळा डोळ्यांनी पाहिले. दिवा विझतो, गिऱ्हाईक खूश होते. पण कोडबरोबर फ्रीझ फ्रेमही पुसली जाते. दोष नोंदला गेला त्या क्षणी गाडीचा वेग किती होता, इंजिन किती फेरे घेत होते, पाणी किती तापले होते, लोड म्हणजे इंजिनावरचा भार किती होता, ही सगळी नोंद गाडीने जपून ठेवलेली असते, आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या दोषाचा माग काढायचा तर तोच एकमेव साक्षीदार असतो. गॅरेजच्या फरशीवर, थंड इंजिन आयडलला ठेवून, माझ्या गाडीत कधीच काही सापडले नाही. दोष घाटात येत होता आणि तपास शहरात होत होता.

दुसरा सेन्सर बसवून झाल्यावर, म्हणजे सात-साडेसात हजार रुपये गेल्यावर, मी हजाराच्या आतला ॲडॉप्टर घेतला. पुढच्याच खेपेला वैभववाडीहून परत येताना, करूळ घाटाच्या वरच्या वळणांवर दिवा लागला. गगनबावड्यात चहाला थांबलो तेव्हा फोनवर पाहिले. कोड पी०१३५, म्हणजे पुढच्या सेन्सरला तापवणाऱ्या हीटरचे सर्किट. फ्रीझ फ्रेममध्ये वेग ताशी ३१, फेरे २,४००, लोड ८४ टक्के आणि पाणी ९१ अंश. म्हणजे दुसरा गिअर, चढ आणि ॲक्सिलरेटर चांगला दाबलेला. सेन्सर खरोखर गेला असता तर तो सपाट रस्त्यावरही गेलेलाच राहिला असता. जोर लावल्यावरच जे बिघडते, ते जोर लावल्यावर हलत असले पाहिजे, असा विचार मनात आला आणि इथून पुढचे काम सोपे झाले.

घरी आल्यावर पुतण्याला गाडीत बसवले, हँडब्रेक ओढून, ब्रेक दाबून क्लच किंचित सोडायला सांगितले आणि मी बोनेटपाशी, पण गाडीच्या समोर न येता बाजूला उभा राहिलो. पहिल्या गिअरला आणि मग रिव्हर्सला इंजिन असे काही डोलले की त्याला धरून ठेवणाऱ्या माउंटिंगचे रबर संपले आहे हे सांगायला कोणी लागले नाही. त्या डोलण्याबरोबर सेन्सरची वायर एक्झॉस्टवरच्या पत्र्याला टेकत होती, कारण तिला धरून ठेवणारी क्लिप कधीच तुटून गेली होती. डिकीत जुने दोन्ही सेन्सर पडून होते. ते काढून पाहिले. दोघांच्याही वायरीवर कपलरपासून, म्हणजे वायर जोडायच्या प्लगपासून, चार बोटांवर, अगदी एकाच जागी, नखाएवढा डाग होता आणि त्यातून तांबे दिसत होते. हीटरला एका बाजूने फ्यूजमधून बारा व्होल्ट मिळतात आणि दुसरी बाजू ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ग्राउंडला म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडतो. ही दुसरी वायर पत्र्याला टेकली तर प्रवाह हीटरमधूनच जातो, फ्यूज उडत नाही, फक्त कोड येतो. दर वेळी नव्या सेन्सरबरोबर नवी वायर यायची, म्हणून दोष काही आठवडे गप्प राहायचा. मल्टिमीटर लावला तर दोन्ही जुन्या सेन्सरच्या हीटरचा रोध सहा ओहमच्या आसपास, म्हणजे बसवलेल्या नव्याएवढाच होता.

ॲडॉप्टरमध्ये दोष नाहीत असे मुळीच नाही. माझ्या गाडीसारख्या के-लाइनवर, म्हणजे जुन्या संथ संदेशवाहिनीवर बोलणाऱ्या गाडीत एका वेळी सहा आकडे पडद्यावर मांडले, तर प्रत्येक आकडा सेकंदाला जेमतेम एकदा बदलतो. सेन्सरचा व्होल्टेज पाहायचा तर तो एकटाच ठेवावा लागतो. ब्लूटूथ अधूनमधून तुटते. बाजारात नकला फार आहेत आणि त्यातल्या काही अर्ध्याच आज्ञा पाळतात. सॉकेटमध्ये तसाच राहिला तर आठवडाभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी हळूहळू पितो. आणि सर्वांत मोठा धोका असा की, हाती आकडे आले की माणूस नको तिथे दोष शोधू लागतो. हल्लीच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला शुद्ध पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने हवेचे १४.७ भाग धरले तर याला साधारण साडेतेरा लागतात. त्यामुळे जुन्या गाडीत लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयूने पेट्रोलच्या मात्रेत कायमची करून घेतलेली दुरुस्ती, चार-सहा टक्क्यांनी वर सरकलेला दिसणे स्वाभाविक आहे. मी पहिल्या दिवशी +६ पाहून उगाच घाबरलो होतो. तो आकडा दोन आकडी झाला आणि तिथेच राहिला, तर मात्र हवेची गळती किंवा पेट्रोलचा दाब तपासून घ्यावा.

माझ्या एका गाडीवरून सर्वांना नियम लावणे बरोबर नाही, हे मला कळते. गाडीत एकाच वेळी पाच-सहा वेगवेगळे कोड येत असतील, गाडी ओढत नसेल किंवा तुमच्या ओळखीचा मिस्त्री वायर हातात धरून पाहणारा असेल, तर थेट त्याच्याकडे जाणे कदाचित अधिक शहाणपणाचे ठरेल. परंतु दोष एकच असेल, तो ठरावीक रस्त्यावर किंवा ठरावीक हवेतच येत असेल आणि दिवा विझवून घरी पाठवले जाण्याचा कंटाळा आला असेल, तर दुसरा सेन्सर घेण्याआधी ॲडॉप्टर घ्यावा असे मी सुचवीन. मला माउंटिंग, एक क्लिप आणि वायरीवर चढवायची वीतभर काचतंतूची स्लीव्ह एवढाच खर्च आला, आणि त्यानंतर दोन पावसाळे व अनेकदा करूळ घाट झाला, दिवा लागलेला नाही.

माउंटिंग बसवायला अर्थात गॅरेजमध्येच गेलो. तुम्हीही जाल तेव्हा फ्रीझ फ्रेमचा स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवा आणि ‘आज कोड उडवू नका’ हे बोनेट उघडण्यापूर्वी सांगा. स्कॅनर लावल्यानंतर सांगायला वेळ मिळत नाही.