फोटोतून पॉप-अप: पायरी, व्ही-घडी की बोगदा?

पॉप-अप, म्हणजे उघडलं की आतलं चित्र उभं राहणारं कार्ड, करायचं ठरलं की बहुतेक जण आधी प्रकार निवडतात आणि मग त्यात बसणारा फोटो शोधत बसतात. माझ्या मते क्रम उलटा हवा. फोटोत किती माणसं आहेत, पाय दिसतात का, मागे काय आहे, यावरून प्रकार आपोआप ठरतो. घरी जमण्यासारखे मुख्य प्रकार तीन.

पायरी सगळ्यात सोपी. जाड कागद दुमडायचा, घडीवर दोन समांतर काप द्यायचे आणि मधली पट्टी पुढे ओढायची. कार्ड ९० अंशांत उघडलं की छोटी पायरी तयार होते. तिच्या पुढच्या बाजूला कापलेला फोटो चिकटवला की माणूस उभा. मोठा फायदा म्हणजे इथे फोटो स्वतः दुमडला जात नाही, त्यामुळे स्टुडिओतून आणलेली चकचकीत प्रिंटही चालते. हिशेब एकच: पायरीची खोली (ती किती पुढे येते) आणि फोटोची उंची यांची बेरीज पानाच्या उंचीपेक्षा कमी हवी, नाहीतर कार्ड मिटल्यावर डोकं बाहेर डोकावतं. ए४ कागद मधोमध दुमडला तर पान १४.८ सेंटीमीटरचं होतं. पायरी ४ सेंटीमीटरची घेतली, तर फोटो १० सेंटीमीटरपर्यंतच ठेवा. उणीव म्हणाल तर पायरी दिसायला जरा सरळसोट. दोन-तीन वेगवेगळ्या खोलीच्या पायऱ्या केल्या की बरीच जान येते.

व्ही-घडीचा थाट वेगळा. कार्ड पूर्ण १८० अंशांत उघडतं आणि फोटो मधल्या घडीच्या दोन्ही बाजूंना पसरून, वरून पाहिलं तर इंग्रजी व्हीच्या आकारात, उभा राहतो. उघडणाऱ्याच्या तोंडून ‘अरे!’ हमखास निघतो तो इथेच. पण फोटोला मधोमध घडी घालावी लागते. ती नेमकी कुणाच्या नाकावरून जाणार असेल तर हा प्रकार सोडून द्या. दोघं शेजारी उभे आहेत आणि मध्ये बोटभर जागा आहे, असा फोटो याच्यासाठीच जन्माला आलेला असतो. फोटोखाली चिकटवण्यासाठी ठेवलेल्या दोन कागदी पट्ट्या कार्डाच्या मधल्या घडीशी दोन्हीकडे सारखाच कोन करून बसायला हव्यात. कोन जरा चुकला तरी कार्ड मिटताना कागद ताणतो आणि फाटतो. फोटोची खालची कड फोटोच्या स्वतःच्या घडीशी काटकोनात असेल तर तो ताठ उभा राहतो, नसेल तर पुढे किंवा मागे कलतो. म्हणून आधी साध्या कागदाचा नमुना करून बघाच.

इथे कागदाचीही परीक्षा होते. चकचकीत फोटो-पेपरवर प्लॅस्टिकसारखा थर असतो. दुमडला की तो तडकतो आणि पांढरी रेघ उमटते. लेझर प्रिंटची शाईही घडीवर सुटते. त्यामुळे व्ही-घडीसाठी इंकजेटची मॅट प्रिंट घ्या, साधारण १६० ते २०० जीएसएमची (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन). घडी घालण्याआधी संपलेल्या बॉलपेनने रेघ दाबून घ्या. कागदाच्या तंतूंची दिशा घडीला समांतर असेल तर घडी स्वच्छ येते. पातळ गोंदाने इंकजेटची शाई पसरते आणि कागद फुगतो, म्हणून तिन्ही प्रकारांत मी डबल साइड टेपच वापरते.

बोगद्याची गोष्टच निराळी. दोन्ही बाजूंना हार्मोनियमच्या भात्यासारख्या घड्या, त्यांच्यामध्ये एकामागे एक चौकटी, आणि समोरून आत बघायचं. थेम्स नदीखालचा बोगदा १८४३ मध्ये खुला झाला, तेव्हा त्याची आठवण म्हणून असे कागदी देखावे विकले जात. डोंगर, समुद्र, लांबलचक रस्ता अशा फोटोंना हा प्रकार खुलतो. कमरेपर्यंतचाच फोटो असेल तरी अडत नाही, पुढच्या चौकटीतलं गवत किंवा कठडा कापलेली कड झाकतो. चार चौकटी पुरतात. त्यांच्यात दोन-अडीच सेंटीमीटर अंतर ठेवा.

अडचण मागच्या थरात येते. माणूस कापून पुढे आणला तरी तोच माणूस मागच्या पूर्ण फोटोत पुन्हा दिसतो. पुढचा थोडा मोठा छापला तर समोरून मागचा झाकला जातो, पण तिरकं पाहिलं की जुळा भाऊ बाहेर येतो. नवीन फोटो काढणार असाल तर त्याच जागेवरून एक माणसांविना काढून ठेवा. शिवाय बोगदा आपोआप उघडत नाही, हाताने ताणावा लागतो. अचानक उघडण्याची गंमत हवी असेल तर तो निराशा करेल. शेल्फवर कायम मांडून ठेवायचा असेल, तर मात्र बोगद्याला तोड नाही.

मुलांना सोबत घेऊन एका संध्याकाळी उरकायचं असेल तर पायरी घ्या. भेटकार्ड द्यायचंय आणि हातात कटर स्थिर राहतो, तर व्ही-घडी. जुन्या अल्बममधला फोटो वापरणार असाल तर प्रकार कुठलाही असो, मूळ फोटोला कात्री लावू नका. स्कॅन करून प्रिंट काढा, आणि एक-दोन प्रती जास्तीच्या काढा. कापल्यावर कडेला कागदाचा पांढरा रंग दिसतो, तो त्याच छटेच्या स्केचपेनने झाकला की काम नीटस दिसतं.