रिंगिंग थांबवायचं कसं: रेझिस्टर लावून की एज मंद करून?

ऑसिलोस्कोपवर चौकोनी पल्सच्या कडेला (एजला) थरथरणारी शेपटी, म्हणजे रिंगिंग, दिसली की हात आपोआप सिग्नलच्या वाटेत लावायच्या ३३ ओहमच्या रेझिस्टरकडे जातो. (आधी प्रोबची लांब ग्राउंड वायर काढून बघा, बरीचशी शेपटी अनेकदा तिचीच असते.) ड्रायव्हरचा (सिग्नल पाठवणाऱ्या आउटपुटचा) स्वतःचा १७ ओहम धरला तर बेरीज ५० ओहम, म्हणजे ट्रेसच्या (बोर्डावरच्या तांब्याच्या पट्टीच्या) इम्पिडन्सइतकी, धावत्या सिग्नलला ती करते त्या विरोधाइतकी. शेपटी बनते ती दुसऱ्या टोकावरून परतलेल्या लाटेमुळे; ती लाट इथे जिरते. रेझिस्टर मात्र ड्रायव्हरच्या पिनला खेटूनच हवा. मध्येच दुसरा रिसीव्हर (सिग्नल घेणारी चिप) जोडलेला असेल, तर त्याला काही काळ अर्धंच व्होल्टेज दिसतं; क्लॉकसाठी हे घातक.

दुसरा मार्ग चिपच्या आतला: स्ल्यू रेट, म्हणजे व्होल्टेज बदलण्याचा वेग, कमी करणं. आउटपुटचे ट्रान्झिस्टर एकदम नाही, टप्प्याटप्प्याने चालू होतात. एसटीएम३२ मायक्रोकंट्रोलरमध्ये तर पिनचा स्पीड रजिस्टरमधून बदलता येतो, फुकटात. खरा फायदा ग्राउंड बाउन्समध्ये, म्हणजे चिपचं ग्राउंड क्षणभर उसळतं तिथे. आठ पिन एकाच वेळी, प्रत्येकी २० मिलिअँपिअर, १ नॅनोसेकंदात आणि वाटेत ५ नॅनोहेन्रीची ग्राउंड लीड: चिपचं ग्राउंड ०.८ व्होल्टने उसळतं! तेच ४ नॅनोसेकंदांत झालं, तर ०.२.

पण १०० मेगाहर्ट्झच्या क्लॉकचा अर्धा पिरियडच ५ नॅनोसेकंदांचा. तिथे एज मंद करायला जागा कुठाय? तिथे रेझिस्टरच. एलईडी, रीसेट, सावकाश चालणारी एसपीआय (चिपांमधली सिरीयल जोडणी) यांना मी डोळे झाकून सगळ्यात मंद सेटिंग देतो.