आठ महिन्यांचा अनुभव: चीनच्या बातम्या इतिहासकारांच्या सोबतीनं वाचताना

इचलकरंजीत आमचा छोटा कारखाना आहे, खर्चीवर, म्हणजे व्यापाऱ्याच्या सुतावर मजुरीनं कापड विणून देणारा. दोन चिनी रेपियर (धोट्याशिवाय चालणारे) माग घेतले तेव्हापासून तिकडच्या पुरवठादाराशी कायम बोलणं असतं. चिनी नववर्षात एका सुट्या भागासाठी माग तीन आठवडे बंद राहिला. विचारलं तर एकच उत्तर, कामगार गावी गेलेत. एवढी माणसं दरवर्षी जातात कुठे, हे शोधताना चीनवर लिहिणाऱ्या इतिहासकारांचे वर्तमानपत्रांतले लेख सापडले. तेव्हापासून रोज रात्री अर्धा तास तेच वाचतोय.

पहिलं उत्तर मिळालं ते 'हुकू'त, म्हणजे चीनच्या घरनोंदणीत. 1958 च्या जानेवारीत घरटी नोंदणीचा कायदा झाला आणि माणूस शेतकरी की शहरी हे कागदावर पक्कं झालं. रेशनचं धान्य, शाळा, दवाखाना, सगळं त्या नोंदीला बांधलेलं. पुढे नियम सैल झाले, कारखाने उभे राहिले, लोक शहरात आले. मोठ्या शहरांतली नोंद मात्र अजूनही सहज मिळत नाही. 2020 च्या जनगणनेत अशी स्थलांतरित माणसं सुमारे 37.6 कोटी निघाली. बातमीत फक्त स्टेशनवरची गर्दी दिसते.

माझ्यासाठी सगळ्यात मोलाचा ठरला तो एक शब्द, 'नेइजुआन'. भाषांतराच्या ॲपनं त्याचं 'आतली गुंडाळी' केलं होतं, त्यामुळे आधी काहीच कळेना. 2020 पासून तिथली तरुण मुलं परीक्षा आणि नोकरीतल्या जीवघेण्या चढाओढीला हा शब्द वापरतात. त्यामागची कल्पना मात्र शेतीच्या अभ्यासातली. मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी ती इंडोनेशियाच्या जावा बेटावरल्या भातशेतीसाठी मांडली आणि इतिहासकार फिलिप हुआंग यांनी 1985 मध्ये उत्तर चीनच्या शेतकऱ्यांना लावली. तेवढ्याच जमिनीत जास्त हात राबतात, एकूण पीक वाढतं, पण माणशी कमाई घटते. पुढे यांगत्से नदीच्या मुखाकडच्या गावांबद्दल त्यांनी दाखवलं की कापूस, सूतकताई आणि विणकामात भातापेक्षा कितीतरी पट दिवस जात, तरी दिवसाची मिळकत भाताहून कमी. हे वाचून मी फोन खाली ठेवला. मजुरी 'पिका'मागे (पिक म्हणजे कापडातला आडवा धागा) काही पैशांनी उतरली की आम्ही जादा पाळी चालवतो. कापड वाढतं, घरात येतं तेवढंच. दुसरे इतिहासकार केनेथ पॉमरान्झ यांनी हुआंग यांचे हिशेब खोडून काढायचा प्रयत्न केला, दोघांचा वाद गाजला. तोही वाचा. मला हुआंगच पटतात, कारण मी मागावर उभा असतो.

आता त्रुटी. परदेशी वृत्तपत्रांतले काही लेखक आजच्या प्रत्येक गोष्टीला सम्राट आणि राजघराणी चिकटवतात. 'नवा सम्राट' असा मथळा दिसला की मी पुढे जातो. त्यात कारखान्यातला माणूस कुठेच नसतो. दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. चिनी भाषेतले चांगले लेख टिकत नाहीत. आज वाचलेला पुढच्या आठवड्यात उघडत नाही, म्हणून आता मी लगेच उतरवून ठेवतो.

असं का होतं, ते चिनी इतिहासकार युआन वेइशी यांच्या प्रकरणातून समजतं. 2006 च्या जानेवारीत त्यांनी 'चायना यूथ डेली'च्या 'बिंगदियान' पुरवणीत लिहिलं की 1860 चं युआनमिंगयुआन या बीजिंगच्या राजवाड्याच्या जाळपोळीचं प्रकरण आणि 1900 चं परकीयांविरुद्धचं बॉक्सर बंड शाळेच्या पुस्तकांत एकतर्फी शिकवलं जातं. विषय शंभर वर्षांपूर्वीचा, पण बोट होतं आजच्या वर्गावर. पुरवणी बंद पाडली गेली. मार्चमध्ये परत निघाली तेव्हा तिचे दोन संपादक त्यात नव्हते. अशा माणसांचं लिहिणं आपल्याला फुकट वाचायला मिळतं, म्हणून मी ते चाळत नाही, सावकाश वाचतो.

नव्यानं वाचणाऱ्यांनी सुरुवात हुकूपासून करावी, राजघराण्यांपासून नको.

परवा पुरवठादाराकडच्या मॅडमना मी पहिल्यांदाच विचारलं, नववर्षाला तुम्ही कुठे जाता? आन्ह्वेई प्रांतातल्या गावी, म्हणाल्या. मुलगा तिथे आजीकडे शिकतो, वर्षातून एकदाच भेटतो. यंदाचे सुटे भाग मी डिसेंबरातच मागवून ठेवणार आहे.