क्यूब्सवर मिराज फायरवॉल: सात महिन्यांनंतर

माझ्या लॅपटॉपवर क्यूब्स ओएस आहे, म्हणजे सुरक्षेसाठी प्रत्येक काम वेगळ्या व्हीएममध्ये (व्हर्च्युअल मशीन, कॉम्प्युटरच्या आतला कॉम्प्युटर) ठेवणारी सिस्टम, रॅम १६ जीबी. वाचायला भरपूर वाटते पण पुरत नाही, कारण बँकेचं काम एका व्हीएममध्ये, मेल दुसऱ्यात, ऑफिसचं तिसऱ्यात आणि या सगळ्यांच्या खाली त्यांना चालवणारा झेन हायपरवायझर. त्यात फायरवॉलसाठी अख्खी लिनक्स व्हीएम चालू. काम काय तर आलेलं पॅकेट नियम बघून पुढे सोडायचं, आणि तेवढ्यासाठी सर्व्हिसेस चालवणारा सिस्टमडी, कमांड टाकायचा शेल, पॅकेज मॅनेजर, सगळं बिऱ्हाड. मला ते कायम खुपायचं.

ती काढून मिराज फायरवॉल बसवली. मिराजओएस या लायब्ररींच्या संचावर बनलेली युनिकर्नल आहे ही, ओकॅमल या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेली. म्हणजे खाली ओएस आणि वर प्रोग्राम असं काही नाहीच, लागणाऱ्या तेवढ्या लायब्ररी जोडून एकच कर्नल फाइल बनते आणि झेन तीच थेट बूट करतो. वायफायचा ड्रायव्हर नाही, लॉगिन नाही, प्रोसेस नाहीत. खरं नेटवर्क कार्ड सिस-नेट नावाची वेगळी व्हीएम सांभाळते, हिला फक्त झेनच्या व्हर्च्युअल कार्डाशी बोलता आलं की झालं. २०१३ च्या युनिकर्नलच्या पेपरमध्ये केंब्रिजच्या मंडळींनी हेच मांडलंय, हायपरवायझर खाली आहेच म्हटल्यावर ओएसने जगभरचे ड्रायव्हर कशाला वागवायचे. मला हे मनापासून पटतं.

क्यूब मॅनेजरमध्ये आता तिच्यापुढे ६४ एमबी दिसतात, आधी चारशेच्या पुढे असायचं. हा आकडा आपणच बांधून देतो, पण सात महिन्यांत तेवढ्यात ती एकदाही अडली नाही, व्हिडिओ कॉल आणि मोठे डाउनलोड एकत्र चालू असताना पण नाही.

त्रास झाला तो तिसऱ्या दिवशी. डोम-झिरोचं, म्हणजे बाकी सगळ्या व्हीएम सांभाळणाऱ्या मुख्य व्हीएमचं, अपडेटच होईना. डोम-झिरोला स्वतःचं नेट नसतं, वेगळं सांगितलं नाही तर त्याची पॅकेजेस फायरवॉलच्या व्हीएममधूनच डाउनलोड होतात आणि इथे तर पॅकेजेस आणणारा डीएनएफ पण नाही आणि शेल पण नाही! संध्याकाळ गेली, मग अपडेटसाठी वेगळी छोटी फेडोरा (लिनक्सचाच एक प्रकार) व्हीएम नेमून दिली आणि तो विषय संपला. बसवणाऱ्यांनी हे आधीच करून ठेवा.

दुसरं म्हणजे आत शिरून काही बघता येत नाही, जे काय दिसेल ते डोम-झिरोमधल्या झेनच्या कन्सोल लॉगमध्ये. एकदा ऑफिसच्या व्हीएममधून गिट पुश (कोड सर्व्हरवर पाठवणं) होईना तर येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारा टीसीपीडम्प त्या व्हीएममध्येच चालवावा लागला, तेव्हा कळलं की नियमात मी फक्त वेबसाइटचा ४४३ पोर्ट उघडा ठेवलाय आणि माझ्या गिटला एसएसएचचा २२ हवाय.

नवीन व्हर्जन आपोआप येत नाही, फाइल स्वतः आणून डोम-झिरोत ठेवायची. पण सोर्सवरून स्वतः बिल्ड केली तरी हॅश (फाइलचा ठसा) त्यांनी दिलाय तोच येतो, मागच्या वेळी मी त्यांचा आणि माझा असे दोन्ही एकाखाली एक ठेवून अक्षर न् अक्षर जुळवला आणि फार बरं वाटलं.

सिस-नेटचं पण असंच करता येईल का असं एका मित्राने विचारलं. तिथे खरं वायफाय कार्ड आहे, त्याला ड्रायव्हर लागणार, तिथे मी लिनक्सच ठेवलंय.