१०९८ची सेवा आणि अठराव्या वर्षानंतरची खोली

डिसेंबर २०१९मध्ये एका पहाटे मी कल्याण स्थानकावर नेहमीच्या लोकलची वाट पाहत होते. मराठवाड्याकडून आलेली देवगिरी एक्स्प्रेस मुंबईकडे निघून गेली, तरी तिच्यातून उतरलेला एक मुलगा बाकावरून हलला नाही. त्याच्याजवळ शाळेचे दप्तर होते, अंगात स्वेटर नव्हता आणि वय पंधराच्या आसपास असावे. विचारल्यावर त्याने ‘मामा न्यायला येणार आहे’ असे सांगितले. मी दोन लोकल सोडल्या, मामा आला नाही, तेव्हा मी १०९८ हा संकटातल्या मुलांसाठीच्या मदतसेवेचा क्रमांक लावला. त्या सेवेविषयीचा हा अभिप्राय इतक्या वर्षांनी लिहीत आहे, कारण त्या फोनने नेमके काय साधले आणि काय साधले नाही, हे कळायला मध्ये तेवढा काळ जावा लागला.

पलीकडच्या बाईंनी आधी माझे नाव विचारले नाही. मुलगा जखमी आहे का, त्याला ताप वाटतो का, तो बोलतो का, कोणत्या फलाटावर, कोणत्या पुलाजवळ बसला आहे, एवढेच त्यांनी विचारले. मग दोन सूचना दिल्या: कार्यकर्ता येईपर्यंत त्याला एकट्याला सोडू नका आणि घर का सोडलेस असे खोदून विचारू नका. दुसरी सूचना मला आजही मोलाची वाटते, कारण आपण सारे नेमका तोच प्रश्न आधी विचारतो आणि मूल तिथेच मिटते. मी त्याला चहा-बिस्किटे दिली आणि शाळेत कोणता विषय आवडतो ते विचारले. पाऊण तासात एक तरुण कार्यकर्ता आला. त्याने स्वतःचे ओळखपत्र आधी मुलाला दाखवले आणि मग मला, हा क्रमही माझ्या लक्षात राहिला.

ही सेवा १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या एका प्रकल्पातून, जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकाराने सुरू झाली. रस्त्यावरच्या मुलांना सहज लक्षात राहावा म्हणून क्रमांक ‘दस, नौ, आठ’ असा उतरता म्हटला जातो. तो चोवीस तास चालतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. २०२३पासून ही यंत्रणा स्वयंसेवी संस्थांकडून सरकारकडे आली असून मिशन वात्सल्य या बालसंरक्षणाच्या सरकारी योजनेखाली जिल्हा बाल संरक्षण कक्षांमार्फत चालते आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडलेली आहे. या बदलानंतर मला एकदाच, बाजारात भीक मागणाऱ्या दोन बहिणींसाठी, फोन करावा लागला. बोलणारी व्यक्ती बदलली होती, तरी प्रश्नांचा क्रम तोच होता, म्हणून मला हायसे वाटले.

फोननंतर काय होते, हे बहुतेकांना ठाऊक नसते आणि त्या अज्ञानापोटीच लोक फोन टाळतात. ‘पोलिसांचे लचांड मागे लागेल’ ही भीती मी माझ्या डब्यातल्या मैत्रिणींकडूनही ऐकली आहे. बाल न्याय कायदा २०१५ प्रमाणे असे मूल, प्रवासाचा वेळ वगळून, चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीसमोर हजर करावे लागते. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. मूल घरी जाईल, बालगृहात राहील की आणखी कोणाकडे सोपवले जाईल, हे ती ठरवते. फोन करणाऱ्याला कोर्टकचेरीला खेचले जाईल ही समजूत चुकीची आहे. उलट पालकांपासून ताटातूट झालेले मूल आढळूनही कळवले नाही, तर तो याच कायद्याने गुन्हा ठरतो. मुलाची ओळख उघड करण्यासही कायदा मनाई करतो, म्हणून या मुलाचे नाव, गाव, शाळा यांपैकी काहीच मी इथे लिहिणार नाही.

त्याचे आईवडील दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जात आणि पाच-सहा महिन्यांनी परतत. त्या काळात तो ज्या नातलगांकडे राही तिथे त्याला मार बसे, आणि नववीत नापास झाल्यावर मार आणखी वाढला. मुले मुंबईच्या मोहाने पळून येतात असे आपण सहज म्हणतो. पण या मुलाच्या दप्तरात चित्रपटाचे स्वप्न नव्हते, तर गणिताची वही आणि आईच्या मोबाइलचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी होती, आणि तो क्रमांक बंद होता. फलाटावर सापडलेल्या मुलांना समजावून पुन्हा घरी पोहोचवण्याचे काम समतोल फाउंडेशनसारख्या संस्था मुंबई परिसरात नेटाने करत आहेत आणि पुष्कळ मुलांसाठी तोच मार्ग योग्य असतो. मात्र परत पाठवायला घर सुरक्षित असावे लागते. या मुलाच्या बाबतीत समितीने चौकशीअंती बालगृहाचा निर्णय घेतला. तिथे रविवारी गणित शिकवण्याची परवानगी मी मागितली, ती मिळाली आणि त्यामुळे आमचा संबंध टिकला.

इथवरच्या टप्प्यासाठी मी या सेवेला पैकीच्या पैकी गुण देईन. खरी अडचण २०२२मध्ये, तो अठरा वर्षांचा झाला तेव्हा सुरू झाली. १०९८ ही सेवा बालकांसाठी आहे आणि कायद्याच्या दृष्टीने अठरा पूर्ण झालेला माणूस बालक नसतो. बालगृहातून बाहेर पडणाऱ्यांसाठी कायद्यात एकवीस वर्षांपर्यंत, आणि अपवाद म्हणून आणखी दोन वर्षे, अनुरक्षणाची, म्हणजे बाहेर पडल्यानंतरच्या आधाराची, तरतूद आहे. मिशन वात्सल्यमध्ये त्यासाठी दरमहा ४,००० रुपये ठरलेले आहेत. तरतूद चांगली आहे, पण त्याचा अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरण्यात पाच महिने गेले आणि त्या काळात तो एका शहरातल्या रात्रनिवाऱ्यात झोपत होता. मोठ्या शहरांत दर लाख लोकसंख्येमागे शंभर जणांचा एक निवारा असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये सांगितले आहे. असे निवारे वाढायलाच हवेत, यात शंका नाही. परंतु ते प्रौढांसाठी आखलेले असतात. अठरा वर्षांच्या मुलाला दारू पिऊन आलेल्या माणसांच्या रांगेत, उशाखाली शाळेचे दाखले ठेवून झोपावे लागते, तेव्हा त्याच्या डोक्यावर छप्पर असूनही तो बेघरच असतो. तिथे नवव्या रात्री त्याची पिशवी चोरीला गेली आणि दाखल्यांच्या दुय्यम प्रती मिळवण्यात आणखी दोन महिने मोडले.

समाजाने काय करावे, याचे उत्तर मला या काळात फार तपशिलात शिकायला मिळाले. त्या मुलाला कपडे, फराळ आणि वह्या द्यायला माणसे पुष्कळ होती; भाड्याच्या करारावर त्याच्या बाजूने सही करायला कोणी नव्हते. खोली हवी तर अनामत रक्कम लागते, ओळखीचा माणूस लागतो, पोलीस ठाण्यात भाडेकरूची नोंद करावी लागते आणि ‘घरचे कोण आहेत’ या प्रश्नाला उत्तर द्यावे लागते. खोलीचा पत्ता नाही म्हणून आधार कार्डावर जुना बालगृहाचा पत्ता, आणि तो पत्ता पाहून खोली नाही, या फेऱ्यात तो अडकला होता. एका गृहसंकुलात तर अनामत हातात असूनही ‘आमच्याकडे कुटुंबे राहतात’ असे सांगून त्याला परत पाठवण्यात आले. ते ऐकून मला झालेली वेदना अजून गेलेली नाही, कारण कुटुंब नसणे हाच त्याचा दोष ठरवला गेला होता.

शेवटी मार्ग निघाला तो आमच्या भिशीतून. आम्ही अकराजणी दरमहा भिशी लावतो. त्या महिन्याची भिशी ज्यांची होती त्यांनी ती अनामतीसाठी उसनी दिली आणि परतफेडीची हमी बाकी दहाजणींनी वाटून घेतली. शेजारच्या चाळीतल्या एका निवृत्त शिक्षकांनी वरची खोली अकरा महिन्यांच्या करारावर दिली, आणि ओळखीचा माणूस म्हणून सही माझ्या यजमानांनी केली. खानावळवाल्या मावशींनी डबा उधारीवर सुरू केला आणि वहीत त्याच्या नावाचे वेगळे पान घातले. यातल्या कोणीही त्याला दत्तक घेतले नाही की फुकट पोसले नाही. आयटीआयमध्ये वीजतंत्रीचा अभ्यासक्रम करत आणि संध्याकाळी एका दुकानात काम करत त्याने अनामतीची रक्कम चौदा महिन्यांत फेडली. त्याच्या वतीने उभे राहणारे एक जाळे एवढेच त्याला हवे होते. घरच्यांकडून तुम्हा-आम्हाला ते न मागता मिळालेले असते.

सुट्ट्यांचा विचारही कोणी करत नाही. बालगृहातून निघून वसतिगृहात राहणाऱ्या मुलांना दिवाळीत कुठे जावे हा खरा प्रश्न असतो, कारण बाकीची मुले गावी जातात, मेस बंद होते आणि कधी इमारतीलाच कुलूप लागते. त्याचे दोन मित्र त्या चार दिवसांत त्याच्याच दहा बाय बाराच्या खोलीत येऊन राहतात. गेल्या वर्षी आमच्या आळीतल्या तीन घरांनी आणखी पाच मुलांची सोय केली.

म्हणून १०९८विषयी माझे सांगणे असे आहे की हा क्रमांक प्रत्येकाने मोबाइलमध्ये साठवून ठेवावा, एकटे मूल दिसताच निःशंकपणे लावावा, आणि जिवाला तातडीचा धोका असेल तर ११२ लावावा. सेवा चालवणाऱ्यांकडे माझी एक मागणी आहे: फोनवर ‘वय अठराच्या वर आहे’ असे कळल्यास तिथेच न थांबता, जवळच्या अनुरक्षणगृहाची आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाची माहिती त्या तरुणाला द्यावी. बालगृहांनीही मूल सोळा वर्षांचे झाल्यापासूनच त्याची कागदपत्रे, बँक खाते आणि बाहेरची दोन-तीन विश्वासाची माणसे यांची तयारी करावी, कारण अठराव्या वाढदिवसाच्या आठवड्यात हे सारे जमत नाही.

आता त्याच्या आधार कार्डावर त्या खोलीचा पत्ता आहे. शिक्षकांनी पुढच्या कराराचे कागद टंकलिखित करून आणले, तेव्हा ओळखीचा माणूस म्हणून या वेळी दुकानाचे मालक सही करणार असल्याचे त्याने मला सांगितले, आणि ‘काकू, तुम्ही नुसत्या चहाला या’ असेही म्हणाला.