चोर्ला घाट, ऑटोमॅटिक पिकअप आणि गिअरबॉक्सचं तेल: वापरानंतरचा अनुभव

बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिकचं (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांचं) काम करणाऱ्याला तेल तापल्याचं नवल नसतं. आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या पंपांची रडकथा बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते. म्हणून सहा गिअरची ऑटोमॅटिक डिझेल पिकअप घेतली तेव्हापासून माझं लक्ष मायलेजपेक्षा गिअरबॉक्सच्या तेलावर जास्त. गाडीचं काम ठरलेलं: तयार हायड्रॉलिक सिलेंडर चोर्ला घाटातून गोव्यात वेर्ण्याला पोचवायचे, तिकडचे बिघडलेले भरून आणायचे. रिकामी गाडी अशी नाहीच. परतीला केरी सोडली की चोर्ल्यापर्यंत चढच चढ, आणि पुढे एखादा भरलेला ट्रक लागला की वीस-पंचवीसच्या वेगाने त्याच्या मागोमाग रांगायचं.

डॅशबोर्डवर गिअरबॉक्सचं तापमान दिसत नाही. ओबीडी सॉकेटला (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायची जागा) ब्लूटूथ डोंगल लावला आणि मोबाइलवर आकडे बघायला लागलो. बाकी काही करायच्या आधी एवढं कराच, फार खर्च नाही. हत्तरगी टोल ते निपाणी हायवेला तेल ८५ ते ९० अंश, तवंदी घाटातही ९५ च्या वर नाही. चोर्ल्यात लोड घेऊन चढताना मात्र ११८-१२०. एवढ्या तापमानाला तेल झपाट्याने जुनं होतं. साधारण ८० अंशांच्या वर दर दहा अंशांना तेलाचं आयुष्य निम्मं होतं, असा या धंद्यातला ढोबळ हिशेब आहे.

उष्णता येते टॉर्क कन्व्हर्टरमधून, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलाने जोडणाऱ्या भागातून. इंजिनाकडचं चक्र तेल फेकतं आणि त्या तेलाच्या जोरावर गिअरबॉक्सकडचं चक्र फिरतं. दोघांच्या वेगात जेवढा फरक, तेवढी ताकद तेल घुसळण्यात जाते. वेग आला की आतला लॉक-अप क्लच दोन्ही चक्रं एकत्र बांधतो आणि हा तोटा थांबतो. ट्रकच्या मागे रांगताना लॉक-अप लागत नाही, लागला तरी टिकत नाही. त्यात तेल थंड करणारा कंपनीचा कूलर रेडिएटरच्या टाकीत. इंजिनाचं पाणीच ९० च्या आसपास, तेव्हा तेल त्याच्या फारसं खाली येणार कसं?

आता तेल. आमच्या लाइनीत उन्हाळ्याला ४६ नंबरच्या जागी ६८ नंबर, म्हणजे जास्त दाट तेल, घालायची सवय मुरलेली. त्यामुळे “मालक, जरा घट्टच घालूया की, तापलं तरी पातळ होईत नाही” हा सल्ला दोघातिघांनी दिला. हायड्रॉलिक प्रेसला ते ठीक. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला ठीक नाही. जुन्या डेक्सरॉन-३ या गिअरबॉक्स तेलाची दाटी १०० अंशांना सात सेंटीस्टोकच्या (दाटी मोजायचं माप) पुढे असायची. जनरल मोटर्सने २००६ च्या मॉडेलांपासून आणलेलं डेक्सरॉन-६ सहाच्या आसपास आलं, टोयोटाचं डब्ल्यूएस त्याहूनही पातळ. नव्या गिअरबॉक्समधले सोलेनॉइड (विजेवर चालणारे व्हॉल्व्ह), बारीक वाटा आणि कॉम्प्युटरचं प्रोग्रामिंग या पातळ तेलाला धरूनच केलेलं असतं. शिवाय क्लच किती घसरून धरायचा, हे तेलातल्या घर्षणाच्या रसायनांवर ठरतं. ‘सर्व गाड्यांना चालतं’ असं लिहिलेला स्वस्त डबा मी त्याच कारणाने टाळला. मॅन्युअलमध्ये जे स्पेसिफिकेशन लिहिलंय तेच, फुल सिंथेटिक, एवढंच बघितलं.

‘हे तेल आयुष्यभराचं आहे, बदलायचं नसतं’ असंही ऐकायला मिळतं. पण गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः आपल्या ऑटोमॅटिकना ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षांनी तेल बदलायला सांगते. घाटात लोड ओढणाऱ्याने त्याच्या बरंच आधी बदलावं, असं माझं मत. तळाची पॅन उघडली तेव्हा मॅग्नेटवर काजळासारखी मऊ करडी पेस्ट होती. बोटांत चोळून बघितली, खरखरीत लागली नाही. म्हणजे झीज नेहमीची. कण किंवा पापुद्रे हाताला लागले असते तर नुसत्या तेलाने भागलं नसतं. तेलाचा लाल रंग जाऊन तपकिरी झाला होता, करपट वास मात्र नव्हता.

एकदा ड्रेन केल्यावर सगळं तेल बाहेर येत नाही, बराच भाग कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतो. म्हणून मधे गाडी चालवून पुन्हा ड्रेन, पुन्हा भरणं. फ्लश मशीनच्या भानगडीत पडलो नाही. लेव्हलला डिपस्टिक नाही, ओव्हरफ्लोचा प्लग आहे. गाडी सपाट जागी, इंजिन चालू, तेल ४० अंशांच्या आसपास (प्रत्येक गाडीचा आकडा वेगळा, मॅन्युअल बघा) असताना प्लगमधून बारीक धार थांबायला आली की लेव्हल बरोबर. गरम तेलावर बघितलं तर फुगलेलं तेल बाहेर पडतं आणि थंड झाल्यावर गिअरबॉक्स उपाशी.

नवं तेल घालून गिअर मऊ पडायला लागले, पण घाटातलं तापमान जवळपास तेवढंच राहिलं. एम मोडमध्ये (गिअर हाताने निवडायची सोय) दुसरा गिअर धरून चढलो तर सहा-सात अंश फुकटात उतरले. उरलेलं काम बाहेरून बसवायच्या जादा कूलरचं.

नळी-फिनवाला नको, प्लेटवाला घेतला, बायपास थर्मोस्टॅटसकट (तेल थंड असताना ते कूलरमध्ये न पाठवणारा व्हॉल्व्ह). होज आणि फिटिंग धरून १२-१३ हजार झाले. क्रिंपिंग (होजवर फिटिंग दाबून बसवणं) माझ्याच शॉपमध्ये केलं. तेल आधी रेडिएटरमधून, मग या कूलरमधून आणि मग परत गिअरबॉक्सला. थर्मोस्टॅटला पैसे का, असं विचाराल, तर डिसेंबरात बेळगावच्या पहाटे १३-१४ अंश असतात आणि कणकुंबीच्या पावसात तर विचारूच नका. थंड तेलावर गाडी लॉक-अप घ्यायला कुरकुरते. डिझेलचा पाइप तेलाला जोडू नका, एटीएफला (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाला) चालणारीच होज लागते. आणि फिन्समधून प्लास्टिकचे टाय ओवून कूलर लटकवू नका, हादऱ्याने घासून भोक पडतं. ब्रॅकेट करून रबरावर बसवा. कूलर आणि होजमध्ये मावलेलं तेल वरून भरावं लागतं, माझं अर्धा लिटरच्या आसपास गेलं.

आता त्याच लोडला, त्याच चढाला १०० ते १०४. ट्रकच्या मागे रांगताना वारा मिळत नाही, त्यामुळे यापेक्षा खाली येत नाही. पण माथ्यावर पोचून जांबोटीच्या रस्त्याला वेग धरला की पाच-सात मिनिटांत ९० च्या आत. आधी खानापूर फाट्यापर्यंत ते उतरायचं नाही. तोटा एकच जाणवला: एसीच्या कंडेन्सरच्या (पुढच्या जाळीच्या) पुढे कूलर बसल्याने पणजीच्या ट्रॅफिकमध्ये एसी थोडा मंद वाटतो. वॉरंटी चालू असेल तर डीलरला लेखी विचारल्याशिवाय हात लावू नका.

फिन्समध्ये जांबोटीकडचा तांबडा चिखल बसतो आणि गळीत हंगामात उसाचं पाचट. धुताना प्रेशरची नोझल जवळ नेऊ देऊ नका, फिन्स आडव्या झोपतात.

माझ्या मेहुण्याकडे हीच गाडी आहे. तो बेळगाव-कोल्हापूर हायवेलाच असतो आणि लोड नावालाच. डोंगल लावून बघितलं, कधी ९२ च्या वर नाही. त्याचं तेल बदलून दिलं, कूलरचे पैसे वाचवले.