निनो बेनवेनुतीच्या लढतींची जुनी चित्रणे : संपूर्णच पाहावीत

मुष्टियुद्धातील मिडलवेट (मध्यम वजनगट) विश्वविजेता, इटलीचा निनो बेनवेनुती याच्या प्रमुख व्यावसायिक लढतींची चित्रणे आज आंतरजालावर सहज पाहायला मिळतात. काही संपूर्ण आहेत, बरीचशी मात्र पाच-सहा मिनिटांत उरकलेली. ज्याला हा मुष्टियोद्धा खरोखर समजून घ्यायचा आहे, त्याने संक्षिप्त फितींच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण त्याचे खरे कसब दोन ठोशांच्या मधल्या काळात दिसते आणि नेमका तोच भाग कात्रीखाली जातो.

सुरुवात तेव्हाचा विश्वविजेता एमिल ग्रिफिथ याच्याविरुद्धच्या पहिल्या लढतीपासून करावी. १७ एप्रिल १९६७ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये झालेल्या या सामन्यात दुसऱ्या फेरीत ग्रिफिथ खाली कोसळला आणि चौथ्या फेरीत बेनवेनुती. संक्षिप्त फितीत हे दोनच क्षण उरतात, त्यामुळे ही निव्वळ घणाघाती ठोसेबाजी होती असा पाहणाऱ्याचा समज होतो. पंधराही फेऱ्या सलग पाहिल्या की चित्र पालटते. उंचीचा आणि लांब हातांचा फायदा घेत बेनवेनुती डाव्या जॅबने, म्हणजे सरळ झटपट ठोशाने, ग्रिफिथला अंगाशी भिडण्यापासून रोखतो, पाय एका जागी फार वेळ ठेवत नाही आणि प्रतिस्पर्धी आत घुसलाच तर त्याला मिठीत अडकवून त्याची लय मोडतो. पंचांच्या गुणांवर मिळालेला विजय त्याने या चिकाटीतून कमावला होता. त्या रात्री लाखो इटालियन लोक जागे राहून रेडिओवर हा सामना ऐकत होते, हे ठाऊक असले की शेवटच्या फेऱ्या पाहताना वेगळाच थरार वाटतो.

चित्रण अर्थातच कृष्णधवल आहे. दोघे एकमेकांना बिलगून लढतात तेव्हा कोणाचा ठोसा नेमका लागला हे अनेकदा कळत नाही, आणि गुणफलक पडद्यावर नसल्यामुळे प्रत्येक फेरीचा हिशेब आपला आपणच ठेवावा लागतो. मला ही उणीव वाटत नाही. त्यामुळे लक्ष अधिक एकाग्र होते. खरा राग येतो तो मूळ आवाज काढून त्यावर कर्कश संगीत चढवणाऱ्यांचा, कारण प्रेक्षकांचा गलका आणि घंटेचा नाद हा या दस्तऐवजाचाच भाग आहे.

सप्टेंबर १९६७ मध्ये शिया स्टेडियमवर ग्रिफिथने जेतेपद परत मिळवले. ४ मार्च १९६८ ची तिसरी लढत मात्र चुकवू नये. नवव्या फेरीत ग्रिफिथला पाडून बेनवेनुतीने ती गुणांवर जिंकली आणि जेतेपद पुन्हा आपल्याकडे आणले. रिंगणात एवढे झुंजलेले हे दोघे पुढे आयुष्यभराचे मित्र झाले.

नोव्हेंबर १९६९ मधील रोमची लुईस रॉड्रिगेझविरुद्धची लढत तर संक्षिप्त फितींनी पार बिघडवली आहे. अकराव्या फेरीतला डावा हूक, म्हणजे बाजूने वळवून मारलेला ठोसा, आणि पाठीवर आडवा झालेला रॉड्रिगेझ एवढेच त्यांत दिसते. त्याआधीच्या फेऱ्यांत चलाख रॉड्रिगेझ वरचढ होता आणि रक्तबंबाळ चेहऱ्याने बेनवेनुती संधीची वाट पाहत होता, हे पाहिल्याशिवाय त्या एका ठोशाचे मोल कळणारच नाही.

रोम ऑलिंपिकमधले १९६० चे वेल्टरवेट गटातले सुवर्णपदकही या प्रवासात आठवावे. त्याच स्पर्धेत कॅशियस क्ले, म्हणजे पुढचा मुहम्मद अली, लाइट हेवीवेट गटात विजेता ठरला होता. तरीही स्पर्धेतील सर्वोत्तम मुष्टियोद्ध्याचा व्हॅल बार्कर चषक बेनवेनुतीला मिळाला. जून १९६५ मध्ये मिलानच्या सान सिरो मैदानावर देशबांधव साँद्रो मात्सिंगीला सहाव्या फेरीत नॉकआउट करणारा उजवा अपरकट, म्हणजे खालून वर मारलेला ठोसा, संथ गतीने पाहण्याजोगा आहे.

अर्जेंटिनाच्या कार्लोस मोन्झोनविरुद्धचे दोन पराभव शेवटी पाहावेत. नोव्हेंबर १९७० मध्ये रोमला बाराव्या फेरीपर्यंत झुंजून बेनवेनुती हरला. मे १९७१ मध्ये माँटे कार्लोत तिसऱ्याच फेरीत त्याच्या कोपऱ्यातून शरणागतीची खूण म्हणून टॉवेल फेकला गेला आणि तो संतापला. पुष्कळ जण हीच दोन चित्रणे आधी पाहतात आणि त्याला थकलेला, सहज कोसळणारा योद्धा ठरवून मोकळे होतात. ग्रिफिथच्या पंचेचाळीस फेऱ्या पाहिलेला प्रेक्षक असा निवाडा करणार नाही.